पास झाली तर काय?

अंबुजा टीचरसमोर 'सगळे' हा शब्द काढायची सोय नव्हती. काढलात की त्यांच्या उजव्या हाताचं बोट वर जायचं. "सगळे?" एवढंच विचारायच्या. "आजकालच्या सुना सगळ्या आळशी," असं मी एकदा बोलून गेले. बोट वर! "तुमची सून, मामी?" म्हटलं, नाही हो, ती पहाटे उठते, माझ्याआधी दारात तिचा कोलम, म्हणजे रांगोळी, काढून होतो. "मग 'सगळ्या' गेलं. एकीनं मोडलं. आता 'काही' म्हणा." आपल्या घरी बसून आपल्याच सुनेला नावं ठेवायची चोरी!

एका मुंजीत माझ्या नात्यातली एक बाई जेवताना जावयांचं पुराण सांगत होती. एक अमेरिकेत, एक बँकेत मोठा साहेब. टीचर रसम-भात कालवत शांतपणे म्हणाल्या, "माझे सगळे जावई कलेक्टर आहेत." त्या बाईचा घास हातात राहिला. अंबुजा टीचरनी लग्नच केलं नव्हतं. घरी येताना मी त्यांना धरलं, "काय टीचर, या वयात खोटं बोलता?" तर म्हणाल्या, "खोटं ठरवायचं असेल तर कलेक्टर नसलेला माझा एक जावई आणून दाखवा." त्यांच्या शास्त्रात हे खरं धरतात म्हणे. मी म्हटलं, अशा शास्त्राला कोपरापासून नमस्कार.

आता थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. आम्ही तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्या घरांपैकी. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून हसतात, म्हणतात पणजीची आठवण झाली. नागरी अक्षरं मी हिंदीच्या शिकवणीच्या पुस्तकातून माझी मीच उचलली, तेव्हा लिहिता लिहिता बोलणं सांडलं तर पुसून घ्या. अंबुजा टीचर आमच्याच लोकांतल्या, समोरच्या घरात एकट्या राहायच्या. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्याहून लहान, पण सारी गल्ली मला मामी म्हणते म्हणून त्याही मामीच म्हणायच्या.

संगणकशास्त्रात पुढं शिकायचं तर मोठी प्रवेश परीक्षा असते. तिच्यात तर्कशास्त्राचे प्रश्न येतात, आणि मुलं तिथंच अडतात. त्यांना टीचर शिकवायच्या. त्यांच्या ओट्यावर दुपारचं ऊन, म्हणून वर्ग माझ्या ओट्यावर भरायचा. मी आपली शेवग्याचा पाला निवडत खांबाला टेकलेली. फळ्यावर उलटा ए म्हणजे 'प्रत्येक', पाठमोरा ई म्हणजे 'निदान एक', हे मला त्या पाल्याबरोबर कळलं. "प्रत्येक मुलीला कोणीतरी नवरा आहे," टीचर फळ्यावर लिहायच्या. "म्हणून कोणीतरी एक नवरा सगळ्या मुलींना आहे काय?" पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. "हसता आणि परीक्षेत तेंच लिहून येता! कोण आधी, कोण मागून, तें बघा."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं अंगण धड्याला लावलं होतं. मी संध्याकाळचा सडा घालून नुकती आत वळले होते. मागून आवाज आला, "पाऊस पडला तर मामींचं अंगण ओलं होतं. आता अंगण ओलं आहे. मग पाऊस पडला काय?" अर्ध्या मुलांनी हो म्हटलं. वर आभाळ कोरडं ठणठणीत! माझ्याकडे बोट करून टीचर म्हणाल्या, "या उभ्या आहेत बघा, बादली घेऊन. जर-तर उलटं फिरवायचं नाहीं, कण्णा." कण्णा म्हणजे इकडे लाडानं बाळा म्हणतात तसं.

त्या वर्गात सेतुमाधवरावांची पद्मिनी यायची. सेतुमाधवरावांचं मोठ्या बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान. समया, घंटा, तांबे. माणूस वाईट नव्हे, पण शब्दाचा फार. एकदा चारचौघांत बोलला की बोलला, मग तो शब्द त्याच्या घरादाराहून मोठा. पद्मिनी हुशार. टीचर प्रश्न फळ्यावर लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार, आणि टीचरच्या चेहऱ्यावर त्या लपवायला बघायच्या असं हसू.

एका शुक्रवारी पद्मिनी धावतच ओट्यावर आली. "मामी, टीचर, अप्पांनी कबूल केलं! पास झाले तर मला पुढं शिकायला चेन्नईला जाऊ देतील."

मी साखर आणायला उठलेच होते. टीचरनी विचारलं, "काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग."

"म्हणाले, या वेळी पास झाली नाहीस तर वैशाखात लग्न करून टाकतो. तिरुनागेश्वरमचं स्थळ आहे ना, त्यांना तसंच सांगतो."

टीचरचं बोट वर गेलं. "आणि पास झालीस तर?"

"तर नाही! तोच अर्थ झाला ना टीचर?"

"तो अर्थ नव्हे. पास झाली तर काय, हें ते बोललेलेच नाहींत."

पोरीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरला. मी चिडले. म्हटलं, "काय टीचर, बाप लेकीशी बोलतो ते काय फळ्यावरचं गणित आहे? सगळ्या जगाला कळतं त्याला काय म्हणायचंय ते." त्यांनी 'सगळ्या'वर बोटसुद्धा उचललं नाही. खाली बघत राहिल्या.

त्या दिवसापासून पद्मिनीची गणितं चुकायला लागली. साधं 'जर-तर' आलं की पोर थांबायची, खडू हातात धरून भिंतीकडे बघायची. टीचर तिच्याहून कासावीस. "मामी, तिनं जीव लावून अभ्यास करायचा आणि शेवटी बाप म्हणणार, मी कोठें तसें म्हटलें? आधीच विचारून घेतलेलं बरं." मी म्हटलं, विचारू नका. काही गोष्टी न बोलता होतात. माझ्या धाकट्या दिरानं सासऱ्यांना न विचारता तमिळ मुलगी केली, ती पाया पडायला वाकली तेव्हा सासऱ्यांचा हात आपोआप आशीर्वादाला वर आला. विचारलं असतं तर जन्मात हो म्हणाले नसते. टीचर म्हणाल्या, "तें एक उदाहरण झालं, मामी. सिद्ध काय झालं?"

आणि त्यांनी काय करावं? आमच्याकडे घरच्या घरी बोललेल्या शब्दाला वजन नाही. लग्न ठरो, काही ठरो, तांबुलाचं ताट समोर ठेवून बोललेलं तेच पक्कं. कुंभकोणमची कोवळी विड्याची पानं, सुपारी, हळद, नारळ, केळी. टीचरनी तसलं ताट सजवलं. सेतुमाधवरावांचा शब्द ताटावर घ्यायचा, म्हणजे मग फिरायचा नाही. मला म्हणाल्या, चला. मी गेले. एकटं कसं सोडायचं?

दारात आम्हाला बघून सेतुमाधवरावांच्या बायकोचे डोळे लकाकले. लग्नाच्या मुलीच्या घरी दोन बायका तांबुलाचं ताट घेऊन आलेल्या! "या, या. कोणाकडचं स्थळ हो?" तिनं हळूच विचारलं. टीचरना कळलंच नाही. त्या सरळ आत. आणि आत कोण बसलेलं? तिरुनागेश्वरमच्या मुलाचे वडील, मांडीवर पंचा, हातात कॉफीचा पेला. मी टीचरचा पदर ओढला. त्यांना पदर जाणवत नव्हता, माणसं दिसत नव्हती, समोर एक प्रश्न तेवढा होता.

"सेतुमाधवराव," टीचर म्हणाल्या, "पद्मिनी पास झाली नाही तर लग्न, हें तुम्ही सांगितलेंत. पास झाली तर काय, तें या ताटावर सांगा."

मुलाच्या वडिलांनी पेला खाली ठेवला. "काय राव, काय परीक्षा? आम्हाला कोणी बोललं नाही." ते हसत विचारत होते, पण हसू वरवरचं.

सेतुमाधवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझ्या तोंडचा शब्द पुरत नाही, म्हणून ताट घेऊन आलात?"

"तुमच्या शब्दात ती बाजूच नाही, म्हणून आले."

"मग घाला ती बाजू!" ते उठून उभे राहिले. "पास झाली तरी वैशाखात लग्न. नाही झाली तरी लग्न. झालं समाधान? तांबूल घेऊन जा."

स्वयंपाकघराच्या दारात पद्मिनी उभी होती. ओल्या हातांनी नुसती दाराची चौकट धरून राहिली.

परत येताना टीचर ताट पोटाशी धरून चालत होत्या. रामाच्या देवळाच्या वळणावर म्हणाल्या, "उत्तर मिळालं, मामी. स्पष्ट मिळालं." ती पानं कोणी खाल्ली नाहीत. त्यांच्या देव्हाऱ्यापाशी सुकून गेली.

पद्मिनीचा वर्ग बंद झाला. फॉर्म आधीच भरलेला होता, परीक्षेला तिची आई गुपचूप घेऊन गेली. पण टीचर बदलल्या. मुलांनी 'सगळे' म्हटलं तरी बोट उशिरानं वर जायचं. एक दिवस पाला निवडता निवडता मला म्हणाल्या, "तुमचं खरं होतं. सेतुमाधवरावांनी न बोललेल्या जागेत हो पण मावत होतं, नाही पण. मी जाऊन ती जागा भरून घेतली. आता त्यांना हो म्हणायचं असलं तरी कोठून म्हणतील? चारचौघांत बोलून बसले." मी म्हटलं, ते नाहीच म्हणणार होते कदाचित. "कदाचित," त्या म्हणाल्या. "न विचारता काय झालं असतं, तें कसं तपासायचं, मामी? त्याला कोठलंच कोष्टक नाहीं." त्यांच्या तोंडून कदाचित हा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

मग दर शुक्रवारी त्या पितळेच्या दुकानात जायला लागल्या. एक लहानशी समई घ्यायची, कधी पळी, कधी घंटी. सेतुमाधवराव तोंडापुरतं बोलायचे, कागदात बांधून द्यायचे. टीचर पावसापाण्याचं, भाजीचं बोलून परत यायच्या. पद्मिनीचं नाव काढायच्या नाहीत. मी थट्टा केली, "काय हो, स्वतःचं दुकान काढता काय?" म्हणाल्या, "न विचारता बसायला शिकते आहे. फार कठीण आहे, मामी. दर वेळी प्रश्न जिभेवर येऊन बसतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी थट्टा केली याचं मला वाईट वाटलं.

निकाल लागायच्या आधीच त्या गेल्या. सकाळी मी सडा घालत होते. रोज त्यांच्या दाराची कडी वाजायची, त्या दिवशी वाजली नाही. छातीत कळ येऊन खुर्चीतच.

आमच्याकडे उशाशी दिवा लावतात. मी समई शोधायला त्यांचं कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिले. खणात ओळीनं समया, घंट्या, पळ्या. कशाचाच कागद सोडलेला नव्हता, दोरासुद्धा दुकानात बांधला तसाच. मागे कोणी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले. सेतुमाधवराव. शेजारधर्म म्हणून आलेले. ते त्या खणाकडे बघत होते. मग पुढं झाले, एक समई काढली, आपल्याच हातानं बांधलेली गाठ सोडली, कागद घडी करून खिशात घातला आणि समई माझ्या हातात दिली.

पद्मिनी पास झाली. नंबर चांगला आला. पेढे वाटले नाहीत, कोणी ओरडलं नाही. तिरुनागेश्वरमकडे काय निरोप गेला, कोणी नेला, मला माहीत नाही. त्यांच्या मुलाचं दुसरीकडे जमलं एवढं कानावर आलं. वैशाख आला आणि लग्नाविना गेला. सेतुमाधवराव 'जा' म्हणाले नाहीत. पण एक दिवस संध्याकाळी दुकानातून येताना त्यांनी चाकांची निळी बॅग आणली आणि कूडत्तात, म्हणजे मधल्या दालनात, भिंतीला टेकवून ठेवली. कोणाची, कशाला, एक अक्षर नाही. हातपाय धुऊन जेवायला बसले.

पद्मिनी माझ्याकडे आली. टीचरचा फळा असायचा तिथं बसली. म्हटलं, "अग, बॅग आली! म्हणजे अप्पा हो म्हणाले."

"बॅग आली म्हणून हो म्हणाले असं होत नाही, मामी." अगदी टीचरचा आवाज.

"मग विचार ना त्यांना."

"नाही," ती म्हणाली. "विचारणार नाही. भरायला घेते."

ती निघाली त्या सकाळी मी नेहमीसारखा सडा घातला होता. सेतुमाधवराव बॅग ओढत माझ्या अंगणातून गेले, चाकांच्या दोन ओल्या रेघा रस्त्यापर्यंत. समोरच्या घराला कुलूप. मी बादली हातात धरून त्या कुलपाकडे बघत राहिले. न विचारता झालं, एवढं एक टीचरना सांगायचं राहिलं, आणि त्यांच्यापाशी मात्र न बोललेलं चालायचं नाही.