चिमीआजींचं माहेर

पालेगावात आमची इमारत उभी आहे तिथं पूर्वी चिमीआजींचं भाताचं खाचर होतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या नात भाविकासोबत राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या की हसायच्या, एवढीच आमची ओळख.

यंदा जानेवारीत सोसायटीनं ठाणे खाडीकाठी खारफुटीचं जंगल बघायची सहल काढली. भाविका प्राणिशास्त्र शिकते. ती आजीलाही घेऊन आली. मिनीबसमध्ये आजी माझ्या शेजारी बसल्या. शीळफाटा मागे पडल्यावर म्हणाल्या, "माजा म्हायेर तिकरचाच. मिठागरावरचा."

आईबाप मीठ ओढायचे, दहाव्या वर्षापासून ही पोर डोक्यावर मिठाची पाटी वाहायची. सतराव्या वर्षी लग्न होऊन पालेगावात आली ती भातशेतीला जुंपली. पुढे मिठागर बंद पडलं, माहेरची माणसं पांगली. "मंग जायाचा कोनाकरं?" त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांत त्यांनी खाडी पाहिली नव्हती.

ओहोटी होती. लाकडी पुलावरून चालत आमचा गाईड महेंद्र झाडांची वर आलेली मुळं दाखवत होता. चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा दिसला आणि सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

"निवटी," आजी म्हणाल्या. "कालवन बेस होतंय."

दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. महेंद्र मात्र हसला.

लांब पाण्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रांग होती. मी विचारलं, "तुमच्या लहानपणीही यायचे का?"

"एवरे नाय बघले कवा."

आमच्यातल्या सुनेत्राताई अंबरनाथच्या फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. मोठा कॅमेरा घेऊन आल्या होत्या. पूल संपतो तिथं महेंद्रची पाठ वळली आणि त्या निवटीचा जवळून फोटो घ्यायला खाली उतरल्या. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतल्या. पाय उपसायला गेल्या तर दुसरा मांडीपर्यंत गेला. त्या ओरडल्या. महेंद्र धावत आला, त्यानं आणि आमच्यातल्या एकानं हात धरून ओढलं, तर त्या वेदनेनं कळवळल्या. भरती सुरू व्हायची वेळ झाली होती. महेंद्रनं दोर आणायला खाडीकाठच्या पर्यटन केंद्रावर फोन लावला.

"वरू नका तिला!" ओढणारे हात थांबले. आजींचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पाय मोरंल तिचा."

जेवणासाठी आणलेल्या दोन चटया त्यांनी मागितल्या, दुमडून चिखलावर टाकल्या आणि लुगडं खोचून त्यावर गुडघे टेकले. भाविका "आजी, नको" म्हणत राहिली.

"बाय, हालू नको. जवर हालशील तवर खाली जाशील. पाठीवर पर, खाटंवर पडल्यासारकी."

"मी बुडेन!"

"नाय बुरत. मी हाय."

सुनेत्राताई रडत मागं रेलल्या. आजींनी कोपरापर्यंत हात चिखलात घालून त्यांच्या बुटाची नाडी सोडली, मग पायाभोवतीचा गाळ बोटांनी सैल करत राहिल्या. फट पडली तसं पाणी आत शिरलं आणि अनवाणी पाय बाहेर आला. दुसऱ्या पायाला आणखी दहा मिनिटं लागली. मग चटयांवरून सरपटत दोघी पुलापाशी आल्या, आम्ही त्यांना वर घेतलं. दोर त्यानंतर पोचला. बूट खाडीतच राहिले.

नळाखाली आजी हात धूत होत्या. मी विचारलं, "भीती वाटली?"

"मंग? मिठागरावर आमची एक बाय अशीच रुतलेली. लोकांनी वरली, तिचा पाय गेला. माज्या आईनं तवा शिकवला ह्ये."

परतीच्या वाटेवर सुनेत्राताई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "कुणाचं न ऐकायची सवयच झालीय मला." आजींनी नुसतं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढच्या महिन्यात आजींना महेंद्रचा फोन आला. केंद्रावरच्या नव्या गाईडना हे शिकवाल का, असं त्यानं विचारलं. आजींनी आधी नाही म्हटलं, चार दिवसांनी हो म्हटलं. आता महिन्यातून एकदा त्या जातात, गाडी सुनेत्राताई चालवतात. मागच्या खेपेला एका जुन्या बांधावर उभ्या राहून आजींनी सुनेत्राताईंना आपलं माहेरचं घर कुठं होतं ते दाखवलं. तिथं आता दाट खारफुटी आहे.