म्हशीची तारीख आणि शैलजाताईंचं कुतूहल

शैलजाताई कोकरे यांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाली. बारामतीतील एका पशुसंवर्धन केंद्राच्या संगणक विभागात मी रुजू झालो, तेव्हा ताई तिथे प्रमुख होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातून येऊन त्यांनी गणिताची पदवी घेतली होती. यंत्र अडलं की आम्ही वैतागायचो. ताई खुर्ची पुढे ओढायच्या.

त्यांची रीत मला उमजली ती बावड्याच्या उद्धवतात्यांमुळे. तात्यांची म्हैस मागच्या वेताला अडली होती, म्हणून यंदा व्यायच्या सुमारास पशुवैद्यकांनी जायचं ठरलं होतं. ते फारच आधी जाऊन आले. तात्या केंद्रावर येऊन म्हणाले, "डॉक्टर येऊन गेलं, म्हैस अजून व्यायची हाय. खरी येळ येईल तवा कोन येनार?"

केंद्राने छापून दिलेल्या म्हशीच्या कार्डावर व्यायची तारीख बरोबर होती, भेटीची मात्र चुकली होती. दोन्ही एकाच क्वेरीतून, म्हणजे यंत्राकडे माहिती मागणाऱ्या एकाच आज्ञेतून, निघाल्या होत्या. हे कसं झालं, या विचाराने ताई जेवायच्याही विसरल्या. शोधल्यावर कळलं, की व्यायची तारीख कार्डासाठी, भेटीसाठी आणि जनावरं निवडण्याच्या अटीत अशी पुन्हा पुन्हा मोजली जात होती. म्हैस गाईपेक्षा जास्त दिवस गाभण राहते, ही दुरुस्ती केवळ कार्डाच्या हिशेबात झाली होती.

बाकीच्या जागाही दुरुस्त करू, असं मी सुचवलं. ताई म्हणाल्या, "एकदा काढलेली तारीख पुन्हा का काढायची?" त्यांनी त्या हिशेबाला नाव दिलं आणि अटीत तेच नाव लिहिलं. असा रकानाच नाही, असं यंत्राने कळवलं. ताईंना आणखीच हुरूप आला. बरेच प्रयोग केल्यावर त्यांना कारण सापडलं: यंत्र अट आधी तपासतं, नाव नंतर देतं. मग त्यांनी आतल्या क्वेरीत तारीख काढून तिला नाव दिलं आणि बाहेरच्या क्वेरीत ते नाव हवं तिथे वापरलं. हिशेब एकाच जागी आला.

नव्या तारखेला डॉक्टरांबरोबर ताई स्वतः बावड्याला गेल्या, मीही होतो. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ बसला होता. सगळ्यांनी दोर धरून तिला लोळवलं, पीळ सुटला आणि पारडू जिवंत निघालं. तात्यांनी ताईंच्या हातावर पाणी घातलं.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. सध्या अंथुर्ण्याला त्या मधमाश्या पाळायला शिकत आहेत, आणि दंश झाला तरी पोळ्यात डोकावतात, असं ऐकतो. त्यांना उदंड आयुष्य, धडधाकट गुडघे आणि तीक्ष्ण नजर लाभो. त्यांचं पाहायचं अजून पुष्कळ राहिलं आहे.