घंटाघरातली उडी

माझी आत्या भित्री आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगू शकतो. पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, फोन वाजला की तो शेजारणीला उचलायला लावते. घाबरत नाही ती फक्त कापडाला. कोट शिवणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं कटिंग मास्तर आहे. एकावर एक चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून मशीनचं पातं फिरवायचं. हात जरा हलला की एक नाही, चाळीस कोट वाया. तिचा हात कधी हलला नाही.

मग मनगटातली नस दबली. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण उजवा अंगठा बधिर तो बधिरच. डॉक्टर म्हणाले, अंगठा चालता ठेवा. कारखान्याच्या मालकांनी तीन महिने वाट पाहिली आणि निरोप धाडला: सोमवारी या, नाहीतर तुमचं टेबल दुसऱ्याला देतो.

अंगठा चालावा म्हणून मीच तिच्या टीव्हीला माझा गेम जोडून दिला. काळ्या दगडाचा अवाढव्य महाल, टोकदार खिडक्या, मिणमिणत्या मेणबत्त्या. चाव्या शोधत खोल्याखोल्यांतून हिंडायचं आणि अंगावर येईल त्याला तलवार हाणायची. गेम अर्धाकच्चा. भुतं भिंतीत अडकून जागच्या जागी चालत राहायची. मेलेल्या सरदाराची टोपी डोक्याच्या वीतभर वर तरंगायची. तरी सोडवत नव्हता, कारण प्रत्येक दाराआड आणखी एक दार होतं.

आत्याची मात्र पाचावर धारण बसली. भर दुपारी, पडदे सताड उघडे, खोलीभर ऊन, आणि ही बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली. खाली सोडले तर कोणी धरेल म्हणे! त्या महालात बिनचेहऱ्याची एक बाई फिरायची. तिच्या झग्याची सळसळ ऐकू आली की आत्या डोळे गच्च मिटून सगळी बटणं एकदम दाबायची.

"डोळे मिटून कोण खेळतं, आत्या?"

"मग काय तिच्याकडे बघत बसू?" थोड्या वेळाने एक डोळा उघडून म्हणाली, "झगा कापलाय बघ कसा. घेर तरी नीट पडतोय का!"

शनिवारी दुपारी ती घंटाघराशी पोचली. तिथे जमिनीत एक खड्डा होता, तो उडी मारून ओलांडायचा. आत्या पडली. पुन्हा पडली. अकराव्यांदा पडल्यावर तिने गेमचा रिमोट मांडीवर ठेवला.

"संपला रे माझा अंगठा."

"अगं, गेमच भिकार आहे! बटण दाबलं की उडी उशिरा बसते."

"तू ओलांडलास ना हा खड्डा?"

मी ओलांडला होता.

"मालकांना फोन लाव. म्हणावं, टेबल द्या दुसऱ्याला."

पालीला पाहून किंचाळणारी माझी आत्या हे इतकं हळू बोलली की मला जेमतेम ऐकू आलं. फोन सापडत नसल्याचं नाटक करत मी खिसे चाचपत राहिलो. पाहतो तर तिने रिमोट परत उचलला होता आणि ती मुद्दाम पडत होती. एकदा, दोनदा, चारदा. नजर खड्ड्यावर नाही, अलीकडच्या फरश्यांवर.

"दर वेळी शेवटच्या फरशीवर दाबते आणि दर वेळी समोरच्या त्याच दगडावर आपटते," ती म्हणाली. "गेलेला हात असा नेमाने चुकत नाही रे. तो एकदा इकडे जातो, एकदा तिकडे."

"मग?"

"शिलाईला जागा सोडतो ना आपण? तशी इथे एक फरशी सोडायची."

एक फरशी आधी बटण दाबलं आणि ती पलीकडे उतरली. समोरच ती बिनचेहऱ्याची! आत्या अशी ओरडली की शेजारीण दारात येऊन गेली, पण रिमोट काही हातातून सुटला नाही.

मी टाळ्या पिटत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "कात्री आण."

जुन्या चादरीवर तिने दहा रेघा मारल्या आणि कापायला घेतलं. महालात घाबरली होती ते काहीच नव्हतं. आता ओठ पांढरे पडले होते. दहावी पट्टी कापून झाल्यावर तिने टेप माझ्याकडे सरकवला आणि डोळे मिटले. "तूच मोज. मला बघवणार नाही."

पहिली पट्टी रेघेच्या उजवीकडे अर्धा सेंटिमीटर गेलेली. सव्वीस वर्षांत जी एका दोऱ्यानेही चुकली नव्हती, ती. दुसरी, अर्धा. तिसरी, अर्धा. पुढची हातात घ्यायची मला भीती वाटत होती. एकेक आकडा मोठ्याने वाचत मी दहावीपर्यंत पोचलो.

"अर्धा."

"सगळ्या उजवीकडेच?"

"सगळ्या."

तिने डोळे उघडले. "मग रेघ अर्धा सेंटिमीटर डावीकडे मारीन."

फोन तिने माझ्या खिशातून स्वतःच काढून घेतला आणि उजव्या अंगठ्याने एकेक आकडा दाबत मालकांचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती तोवर डाव्या हाताने तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.