आईसाहेब, म्हणजे मी

लोकांना देवी येतात. मी देवी झालो होतो.

(आजच्या पोरांना सांगायला हवं. देवी म्हणजे अंगभर फोड उठवणारा रोग. पण आमच्याकडं त्याला रोग म्हणायची सोय नव्हती. ज्याच्या अंगावर फोड त्याच्या अंगात साक्षात देवी, असं धरून सगळं घर त्याच्यापुढं हात जोडायचं. एरवी ज्या सुनेला सासू पाणी विचारत नसे, तिला देवी आल्या की सासूच पंख्यानं वारा घालायची.)

साठ सालानंतरचा एक चैत्र. सांगलीत देवीची साथ आली. साथ चार-दोन आळ्यांपुरतीच होती, पण नगरपालिकेनं टांग्याला कर्णा बांधून असा काही धुमाकूळ घातला की ज्यांना काही झालं नव्हतं तेही अंथरुणाला लागले. सिनेमा बंद, बाजार बंद, जत्रा बंद. ज्या घरात देवी, त्या बोळाच्या तोंडाला आडवा बांबू, बांबूशी एक शिपाई, आणि डॉक्टर येऊन बघून जाईपर्यंत बोळातलं चिटपाखरू बाहेर नाही. कुपवाडला मी ज्या कारखान्यात लेथवर होतो (कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि मालकाचा खोकला), तोही बंद. साथ लोखंडातून पसरते असं मालकाला कुणीतरी सांगितलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी नव्हे, पण त्याला दुजोरा मी दिला.

सगळं शहर तोंड पाडून बसलं होतं आणि मी मनातल्या मनात लेझीम खेळत होतो. कारण माझं नुकतंच लग्न झालं होतं. घर दोन खोल्यांचं, मधे दार नाही, जुन्या लुगड्याचा पडदा, आणि पडद्यापलीकडं आमची आई. आईची झोप इतकी सावध, की इकडं मी नुसती कूस बदलली तरी तिकडून आवाज यायचा, "पाणी पायजे का रं?" बायकोशी, म्हणजे शालनशी, लग्न झाल्यापासून मी एक वाक्य पुरं बोललो नव्हतो. आणि नेमकी साथीच्या तोंडावर आई उंब्रजला गेली, माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला! कारखाना बंद, आई उंब्रजला, शालन घरात. एवढं सगळं एकदम राजाला तरी मिळालं असेल का?

दुसऱ्याच दिवशी लोणंदहून कांद्याचा ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं निरोप दिला. "मामा उद्या येत्यात. म्हनले, साथ हाय, भन घरात न्हाई, पोरं एकटी हायती. सोबतीला जातो."

सोबतीला!

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. लोणंदला कांद्याची आडत. माणूस सोन्यासारखा, माझं लग्न त्यानंच जमवलेलं, त्यामुळं त्याला 'येऊ नका' म्हणायची आमच्या अख्ख्या खानदानात कुणाची छाती नव्हती. येताना तो कांद्याचं पोतं आणायचा आणि पोतं सरेपर्यंत राहायचा. झोपायचा बरोबर पडद्याखाली, आडवा. डोकं एका खोलीत, पाय दुसऱ्या खोलीत, आणि घोरणं दोन्हीकडं सारखं.

मी दुपारभर येरझाऱ्या घातल्या आणि मला युक्ती सुचली. देवी आलेल्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायची रीत होती. तो दिसला की भलाभला पाहुणा उंबऱ्याबाहेरून हात जोडून मागं फिरायचा. बस, एक डहाळा!

शालन वाईची. बोलायला मऊ, पण धोरणी. म्हणाली, "आवं, देवीची चेष्टा करू नये."

चेष्टा कुठं करतोय, मी म्हटलं, पाडव्याला गुढीला लिंब बांधतोच की आपण. त्यातलाच समज.

"मग बारका बांधा," ती म्हणाली.

मी आयुष्यात बारकं काही केलेलं नाही. मी अर्धं झाड बांधलं. दार दिसेना, खिडकी दिसेना. समोरच्या अक्काताईंची शेळी येऊन खालचा घेर खाऊन गेली तेव्हा कुठं उंबरा उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी मामा बोळाच्या तोंडाशी दिसला. खांद्यावर पोतं. आम्ही दोघं पानांच्या फटीतून बघतोय. मामानं डहाळा बघितला. थबकला. पोतं खाली ठेवलं. हात जोडले. शालननं माझा हात घट्ट दाबला (लग्नानंतरचा आमचा सर्वांत सुखाचा क्षण तोच). मग मामानं पोतं परत खांद्यावर घेतलं आणि डहाळा बाजूला सारून सरळ आत आला.

मामाच्या तोंडावर देवीचे वण होते! लहानपणी येऊन गेलेल्या. ज्याला एकदा आल्या त्याला परत येत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जन्मल्यापासून मी ते तोंड बघत होतो आणि हीच एक गोष्ट विसरलो होतो.

"आमाला काय हुतंय?" मामा म्हणाला. "बरं झालं आलो त्ये. कुणाला आल्यात?"

मी शालनकडं बघितलं. तोवर शालनचं बोट माझ्याकडं होतं.

मामानं माझा सदरा वर केला. सांगलीचा उन्हाळा, दिवसभर लेथपाशी उभं राहायचं, पाठभर घामोळं तर होतंच. मामा बराच वेळ बघत राहिला. देवी तोंडापासून सुरू होतात, ह्या पाठीवरनं कशा, असं स्वतःशी पुटपुटला. मग या भाच्याचं सगळंच उलटं, असा निकाल दिला. डोक्याचा पटका काढला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आईसाहेब, आल्या तशा गुमान जावा."

त्यानंतर घराचा ताबा मामानं घेतला. मला लिंबाच्या पाल्यावर निजवलं. (लिंबाचा पाला थंड असतो म्हणतात. मुंग्यांचंही तेच मत होतं.) अंगाला खाज सुटली तर नखं लावायची नाहीत, लिंबाची काडी फिरवायची. घरात फोडणी बंद, तळण बंद, कांदा-लसूण बंद. मामानं स्वतःचं पोतं स्वतःच्या हातांनी न्हाणीत नेऊन ठेवलं आणि भरल्या डोळ्यांनी त्याच्यावर गोणपाट टाकलं. मला अळणी दहीभात. आणि शेवटचा नियम सांगताना मामा जरा लाजला. देवीच्या घरात नवराबायकोनं एका छपराखाली राहायचं नसतं म्हणाला. संध्याकाळच्या आत शालन आपली वळकटी घेऊन समोर अक्काताईंकडं राहायला गेली.

अक्काताई म्हणजे आमच्या बोळाचा कर्णा. टांग्याचा कर्णा दम खायला थांबायचा, ह्या थांबत नसत. डहाळा बांधला त्याच दिवशी त्यांनी नगरपालिकेत वर्दी दिली होती. तेव्हा शालन वळकटी टाकून बसते न बसते तोच बोळाला बांबू पडला. सगळा बोळ अडकला. गवळी बांबूच्या पलीकडून लांब नळीनं दूध ओतायचा, ते निम्मं शिपायाच्या पायावर पडायचं. एक कासार नुसता पाणी प्यायला बोळात शिरला होता, तो अडकला. वेळ जाईना म्हणून त्यानं घरोघर बांगड्या भरल्या, आणि पेटीतला माल संपल्यावर त्याच बांगड्या परत काढून साइजप्रमाणे बदलून दिल्या. शिंप्याच्या घरी गिऱ्हाइकांची लग्नाची पोलकी अडकली, तर नवऱ्या मुली बांबूपलीकडं उभ्या राहून ओरडून माप सांगायच्या. सगळी आळी ऐकायची.

आणि डॉक्टर? ते दुसऱ्या आळ्यांत अडकलेले. येतील तेव्हा येतील.

खरं सांगून टाकावं असं मला तासातासाला वाटायचं. पण सांगणार काय? 'मामा, तुम्ही येऊ नये म्हणून मी देवी झालो'? ज्या माणसानं मला बायको मिळवून दिली त्याला? आणि तो तर माझ्या उशाशी बसून, जेवणात कांदा नाही म्हणून निम्मा झालेला, रात्रंदिवस मला लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होता.

बातमी उंब्रजला पोचेपर्यंत वाढत गेली. आईला कळलं तेव्हा मला, शालनला आणि अक्काताईंच्या शेळीला देवी आल्या होत्या. आई मिळेल त्या गाडीनं आली. बांबूशी शिपायानं तिला अडवलं. "म्हातारे, आत गेलीस तर भायेर येता येनार न्हाई."

"भायेर यायचंय कुणाला?" म्हणून आई बांबूखालून आत आली.

झालं! जिथं मी आणि शालन राहणार होतो तिथं आता आई, मामा आणि आईसाहेब राहत होतो. बायको समोरच्या खिडकीत. ती तिकडून बघायची, मी इकडून बघायचो, आणि मधे शेळी उभी राहून आमचा उरलेला डहाळा खायची.

मंगळवारी बोळातल्या बाया माझी ओटी भरायला आल्या. मिश्यांसकट मी पाटावर बसलो, अंगावर आईचं लुगडं पांघरलेलं. एकेक बाई यायची, कपाळाला कुंकू लावायची, मांडीवर खण-नारळ ठेवायची आणि वाकायची. शिंपीणबाई तर नवऱ्याची गाऱ्हाणी सांगून गेली. रांगेत शेवटी शालन. कासारानं दोनदा बदलून दिलेल्या हिरव्या बांगड्या भरून, डोक्यावर पदर घेऊन.

तांदूळ घालायला ती खाली वाकली तेव्हा मी हळूच म्हणालो, "शालन, कायतरी कर. मामाला तू सांग."

"बारका बांधा म्हनलं हुतं," ती तेवढ्याच हळू म्हणाली.

मागून आई म्हणाली, "माग पोरी. आईसाहेब समोर हायती, मागून घे."

शालननं हात जोडले, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईसाहेब, माझं माणूस मला परत द्या."

बाया रडायला लागल्या. मामा पटक्यानं डोळे पुसू लागला. मीही रडलो. सगळ्यांत खरं रडणं माझंच होतं.

आणि त्या भरात आईनं नवस बोलला. "आई, माझ्या लेकराला बरं कर. ज्या हातांनी तुजी सेवा केली त्या माझ्या दादाला दर चैतात घरी आनीन, आन् पोतं सरंस्तवर जेवू घालीन."

"नगं!" मी ओरडलो.

अक्काताई घाबरून म्हणाल्या, "नगं म्हनत्यात. कमी पडलं वाटतं."

"बरं, दोन पोती," आई म्हणाली.

मी तोंड मिटलं. आणखी एकदा 'नगं' म्हणालो असतो तर लोणंदचा सगळा बाजार आमच्या घरी उतरला असता.

ओटीचे नारळ अजून मांडीवर होते, तेवढ्यात डॉक्टर आले. झोप न झालेले, बारीक, कुणावर चिडायचं तेवढंच शोधत असलेले. त्यांनी लुगडं बाजूला केलं, सदरा वर केला, चष्मा लावला, चष्मा काढला.

"हे घामोळं आहे."

डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. "आणि तो डहाळा कुणी बांधला?"

मामानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मांडीवरचा नारळ घरंगळून त्याच्या पायाशी गेला. आता संपलं, मी मनात म्हटलं. माझं लग्न ज्यानं जमवलं त्याच्यासमोर आता मला तोंड उघडावं लागणार.

"पाडव्याच्या गुढीचा उरलेला हाय, सायेब," दारातून शालन म्हणाली.

"एवढा?"

"आमची गुढी मोठी असती."

डॉक्टर पुढं काही विचारणार, तेवढ्यात मामा उठून उभा राहिला. दोन्ही हात वर. "बगितलं का? सकाळपत्तुर देवी हुत्या. नवस बोलला आन् आईसाहेबांनी उभ्या उभ्या घामोळं करून टाकलं!"

बायांनी जयजयकार केला. कासारानंही केला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पिशवी उघडली आणि सगळ्या बोळाला रांगेत उभं करून टोचलं. पहिला मी. (दंडावर तो वण अजून आहे. त्या साथीत मला आलेला खरा फोड तेवढा एकच.)

बांबू निघाला. शालन वळकटी घेऊन घरी आली. पण आई होतीच, आणि मामाही होता. त्यानं न्हाणीतल्या पोत्यावरचं गोणपाट काढलं, देवी गेल्या, आता तळणाला हरकत न्हाई म्हणाला, आणि पोतं सरेपर्यंत राहिला. मधोमध, पडद्याखाली. जाताना मला म्हणाला, "फुडल्या चैतात येतो, भाच्या. डहाळा बांधून ठेव. लांबनं घर वळखू येतं." हे म्हणताना त्याच्या वणांनी भरलेल्या तोंडावर नेमकं काय होतं, ते मला आजवर उमगलेलं नाही.

पुढं दर चैत्रात मामा आला. दोन पोती घेऊन. आमच्या पोरांना पाडवा गुढीवरून नाही, पोत्यावरून कळायचा.

मग बऱ्याच वर्षांनी, अशाच एका चैत्रात, रेडिओवर सांगितलं की देशातून देवीचा रोग कायमचा गेला. मी रेडिओ तसाच चालू टाकून स्वयंपाकघरात पळालो. आई, म्हटलं, देवी गेली! पार देशातनं गेली! आता नवस फिटला!

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"देवी गेली तर गेली. दादा कुटं गेलाय?"

बाहेर ओट्यावर धप्पकन काहीतरी पडलं. मग आणखी एकदा धप्पकन. शालननं विळी काढली, माझ्यापुढं सरकवली आणि हात जोडले.

"बसा, आईसाहेब. कांदा चिरायला घ्या."