काकांच्या दाढ्या

दाढी वाढवलेला माणूस घाटकोपरच्या आमच्या चाळीवरून सुखरूप निघून गेलाय, असं निदान मला तरी आठवत नाही. शेजारच्या खोलीतले काका त्याला गाठणारच. स्वतः रोज गुळगुळीत दाढी करून कचेरीत जाणारा हा कारकून, पण शिसपेन्सिलीने चित्र काढणार ते फक्त दाढीवाल्याचं. एकदा दारात आलेल्या बैराग्याला त्यांनी बसवला तो दिवेलागणीपर्यंत उठू दिला नाही; काकूंनी बिचाऱ्याला दोनदा जेवू घातलं. "केस नाही रे काढायचे, आधी अंधार काढायचा," असं मला सांगत काका पेन्सिलीची पूड बोटाने कागदावर घोळवत. खोडायला रबर चालत नसे, पावाचा मऊ गरच लागे. त्यामुळे घरात चहाबरोबर सगळ्यांना नुसते पावाचे काठ! "अहो, त्या काळ्या बोटांनी भात कालवाल तर बघा," हे काकूंचं रोजचं.

सातवीतून शाळा सोडून मी मालवणकडून कारखान्यात आलो, तो त्यांच्याच घरी जेवत असे. त्या घराचं किती म्हणून सांगू! गावाला जाणं होत नव्हतं आणि आईचा निरोप आला, तू कसा दिसतोस तेच विसरायला झालंय. फोटो काढतो म्हटलं तर काका भडकले. "मी मेलोय का? पण आधी दाढी वाढव."

वाढवली. चित्र झकास झालं. गावचा माणूस दुसऱ्या दिवशी ते घेऊन निघणार, तर काकू बघून म्हणाल्या, "अगो बाई, हा तर सुतकातला दिसतोय!"

आमच्याकडे तरण्या पोराची दाढी वाढते ती घरातलं कुणी गेल्यावरच. त्यात थोरला भाऊ बोटीवर नोकरीला. आईने नको तेच धरलं असतं.

काकांनी मला न्हाव्याकडे पिटाळलं. परतलो तर पावाचा गर घेऊन स्वतःची मेहनत स्वतःच पुसत बसलेले. आणि आता त्यांना हनुवटीच जमेना! एकदा वांगं झालं, एकदा नारळ. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग काका एकदम पुढे वाकले.

"अरे, खळी आहे की तुला इथे. आईची का रे?"

"हो."

"आणि मी ती झाकून धाडत होतो."

आता काका नाहीत, आईही नाही. चित्र माझ्याकडे आहे. आईने त्याला काच लावू दिली नव्हती. डोळे, भुवया अजून कालच्यासारख्या आहेत. हनुवटीवरून मात्र ती येताजाता बोट फिरवायची. तेवढाच कागद पांढरा झालाय.