मागचा डावा पाय

फोरमनच्या हातात पान्हा आला की त्या माणसाला तहानभूक आठवत नाही, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर लगेचच कळून चुकलं होतं. पण तेव्हा बिघडलेली वस्तू निदान पंखा नाहीतर मिक्सर असायची. आज अंगणाच्या उतारावर अख्खं मोटरहोम उभं होतं आणि ते जागचं हलायला तयार नव्हतं.

"कुठून बुद्धी झाली आणि हे फिरतं घर घेऊ दिलं," असं पुटपुटत ती पुन्हा पायरीवर येऊन उभी राहिली. खांद्याला पर्स, पायांत चपला, कपाळाला आठ्या.

तिला सगळे सिस्टर म्हणत. उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात काढला, निवृत्त झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तो पत्रे दाबायच्या प्रेसच्या कारखान्यातला फोरमन, आणि घरातही फोरमनच. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी मिनीबस घेतली, आत पलंग, ओटा, न्हाणी बसवून घेतली आणि चार कोपऱ्यांना हायड्रॉलिक जॅक लावले. बटण दाबलं की हे चार पाय तेलाच्या जोरावर खाली येतात आणि उतारावरही गाडी सपाट उभी राहते. निघताना परत बटण दाबायचं, की स्प्रिंगा पाय वर ओढून घेतात. म्हणजे, घ्यायला हव्यात. आज तिघे शहाण्यासारखे वर गेले आणि मागचा डावा जमिनीला चिकटून बसला.

आणि हे आजच व्हायचं होतं! उद्या सकाळी मुलीचं सिझेरियन. ती राहायची दूरच्या शहरात. गेल्या खेपेला सातव्या महिन्यातच सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी तिने फोनवर बजावलं होतं, "आई, तू येशीलच गं. पण बाबांनाही आण. मला दोघंही हवेत." दुपारच्या आत गाडी हलली नाही, तर वेळेवर पोचणं कठीण होतं.

"अहो, झालं का?"

"होतंय. घाई केली की काम बिघडतं."

"आता बिघडायचं काही शिल्लक राहिलंय का?"

फोरमनने आधी हॅन्डब्रेक पाहिला, कारण तो ओढलेला नसला तर म्हणे जॅकचा पंप चालूच होत नाही. ओढलेला होता. मग फ्यूज काढले, फुंकले, परत बसवले. मग तेलाच्या टाकीत डोकावला आणि पाय खाली असताना तेल कमीच दिसतं, तेव्हा वरून ओतायचं नसतं, यावर बायकोला व्याख्यान दिलं. तिने विचारलं होतं का काही? ओता नाहीतर पिऊन टाका, पण चला! शेवटी त्याने त्या पायाचा वॉल्व्ह हातानेच मोकळा केला. तेल मागे फिरायला वाट झाली, तरी पाय आपला ढिम्म.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. निघालात का?

"वाटेला लागलोय म्हणावं," फोरमन आतून ओरडला.

"वाट लागलीय म्हणते," सिस्टर करवादली, पण फोनवर 'हो' म्हणाली.

यानंतर हा गृहस्थ बॅटरी तपासायला निघाला. इथे मात्र सिस्टरला खटकलं. तेल मोकळं करूनही पायाचा दांडा वर येत नाही म्हणजे दांडाच अडकलाय, हे याच माणसाने प्रत्येक सहलीत तिच्या डोक्यात भरलं होतं. मग चोर सोडून हे संन्याशाला फाशी कशासाठी? तिने पर्स पायरीवर आदळली, पदर खोचला आणि गुडघ्यांना शिव्या देत गाडीच्या बाजूला आडवी झाली.

चकचकीत दांड्यावर काळ्या लगद्याचे थर बसले होते. जॅक बसवणाऱ्या मिस्त्रीने हात जोडून सांगितलं होतं, ग्रीस लावू नका, धूळ धरते, नुसतं कोरड्या फडक्याने पुसत जा. पण कारखान्यात दर शनिवारी प्रेसला ग्रीस थापणारा माणूस कुणाचं ऐकतोय! अंगणातली निम्मी माती त्या ग्रीसने गोळा केली होती. तिचं डोकं फिरलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. दांड्याच्या वरच्या बाजूला बोटभर पट्टा लख्ख पुसलेला होता. म्हणजे याने पाहिलं होतं. पुसायला घेतलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"अहो!" ती किंचाळली. फोरमन बॅटरीच्या तारा चाळवत राहिला.

मग तिने रॉकेल आणलं, जुन्या साडीचा तुकडा आणला आणि घासायला बसली. नव्या नर्सेसना झापायची तशी त्या लोखंडालाही झापत होती. बऱ्याच वेळाने पाय थरथरला, खरखरला आणि सर्रकन वर गेला. ती हात न धुताच गाडीत चढली. फोरमन स्टिअरिंगसमोर येऊन बसला होता, पण गाडी सुरू करत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं! मुलगी तिकडे डोळे लावून बसलीय आणि तुम्ही सकाळपासून फ्यूज फुंकताय? लाज नाही वाटत?"

"वाटते," फोरमन म्हणाला. समोरच्या काचेकडे बघतच पुढे बोलला, "गेल्या खेपेला ते माझ्या हातात दिलं त्यांनी. कापडात गुंडाळून. तू आत होतीस, तिच्यापाशी. दार उघडलं, एका सिस्टरने माझ्या हातांवर ठेवलं आणि दार लागलं. मला कळेचना, कसं धरायचं ते. झोपलेल्या बाळासारखं धरायचं, की कसं? मी आपला तसाच उभा. भीती वाटते गं मला त्या दाराची."

अशी कापडं सिस्टरने स्वतः कितीतरी बापांच्या, आजोबांच्या हातांवर ठेवली होती. आत बाईचं रक्त जात असतं, दहा कामं खोळंबलेली असतात. ठेवायचं आणि वळायचं. दाराबाहेर त्या माणसाचं पुढे काय होतं, हे बघायला ती कधी थांबली नव्हती. आपल्याच मुलीच्या वेळी ते कुणी घेतलं, कुठे नेलं, पुढचं सगळं कुणी केलं, हे तिने घरात त्यालाही विचारलं नव्हतं.

राग अजून होताच. पण तो आता नुसता त्याच्यावर नव्हता.

"उद्या मी आत जाणार नाही," ती म्हणाली. "तुमच्याजवळ बाहेर थांबेन."

"आणि पोरगी?"

"तिच्यापाशी तिचा नवरा असेल. दार उघडलं की जे काही असेल ते आधी माझ्या हातात घेईन. मग तुम्हाला देईन, कसं धरायचं ते दाखवून. काढा आता गाडी."