संचालकांचा हात वर का जात नाही

सभागृहासमोरच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून, मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आहे. मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही आणि स्वतःही शाळेत फार दिवस काढले नाहीत. पण कात्री चालवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात, त्याला इलाज नाही. गिऱ्हाईक आत आलं की ते आधी त्याचे खांदे बघतात, मग पाठ, आणि चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचं बघून झालेलं असतं. रस्त्यात कुणी समोरून नमस्कार केला तर ओळखत नाहीत. तोच माणूस पुढे जाऊन पाठमोरा झाला की लगेच ओळखतात. "पहिल्यांदा भेटलो तेव्हा सगळा वेळ माझ्या बाहीकडे बघत होते," असं त्यांची बायको सांगते. "मला वाटलं, लाजाळू आहेत. नंतर कळलं, बाहीला झोळ होता."

दुकान मुळात सासऱ्यांचं. त्यांचा मुलगा सुईला घाबरून व्हायोलाकडे, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावाकडे, पळाला आणि शहराच्या वाद्यवृंदात जाऊन बसला, तेव्हा सासऱ्यांनी दुकान जावयाला दिलं आणि मुलाला माफ केलं. दोन्ही गोष्टी नाइलाजानं. या मेव्हण्यामुळे वाद्यवृंदाचे शेपटीचे काळे कोट मास्तरांकडे येऊ लागले.

वाजवणाऱ्याचा कोट हे वेगळं प्रकरण आहे. वकिलाला हात खाली ठेवून उभं राहता येतं, व्हायोलिनवाल्याला ते परवडत नाही. सगळी गोम मुंढ्यात असते. बाही जिथे अंगाला जोडतात त्या गोलाला मुंढा म्हणतात. लोकांना वाटतं, मुंढा जितका मोठा तितका हात मोकळा. असतं उलटं. मुंढा बगलेत उंच आणि बेताचा असला तर हात उचलताना नुसती बाही वर जाते. खोल असला तर बाहीबरोबर अख्खा कोट वर येतो, कॉलर कानाला भिडते आणि आतला माणूस कपाटात अडकल्यासारखा दिसू लागतो. ही गोष्ट मास्तर झोपेतही विसरले नसते.

म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं त्याचा त्यांना इतका घोर लागला.

वाद्यवृंदासमोर उभं राहून हातांनी तो चालवणारे जुने संचालक निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांना एका हंगामापुरतंच बोलावलं होतं; हंगाम संपला की समिती ठरवणार होती, ठेवायचं की निरोप द्यायचा. भाड्याच्या घरात त्यांच्या बायकोनं निम्मं सामान खोक्यांतून काढलंच नव्हतं. माप द्यायला आले तेव्हा ते मास्तरांशी फार अदबीनं बोलले, वर "आपण या कामातले जाणकार" असंही म्हणाले. ट्रायलच्या वेळी मात्र त्यांना बगलेत आवळल्यासारखं वाटलं. "इथे जरा मोकळं करता येईल का आपल्याला?" त्यांनी विचारलं. दुसरा कुणी असता तर मास्तरांनी त्याला वाटेला लावलं असतं. पण आजवर कुणी त्यांना दोनदा 'आपण' म्हटलं नव्हतं. त्यांनी खडू घेतला आणि मुंढा खोल केला.

पहिल्या कार्यक्रमाला मेव्हण्यानं पास दिला होता. सिंफनी, म्हणजे चार भागांची मोठी रचना, सगळ्यांच्या ओळखीची, शिट्टीवर वाजवता येईल अशी. जुने संचालक ती घेत तेव्हा त्यांचे हात डोक्याच्या वर असत, केस विस्कटत, कोटाच्या शेपट्या उडत. नव्यांचे हात छातीपाशी सुरू झाले आणि छातीपाशीच राहिले. शेवटच्या भागात एकदाच उजवा हात एकदम वर गेला. त्याबरोबर कोट वर आला, कॉलर कानाला लागली, आणि हात खाली आला तो पुन्हा वर गेलाच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मात्र हात मांडीखाली घालून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाकावर निवृत्त न्यायाधीश आणि चौकातले केमिस्ट येऊन बसले. दोघेही वाद्यवृंदाच्या समितीवर आहेत आणि दोघांनाही घरी कुणी बोलू देत नाही, त्यामुळे शहराचं संगीतविषयक मत बरंचसं याच बाकावर तयार होतं.

"संयम," न्यायाधीश म्हणाले. "हात छातीच्या वर नाही. लिहिलंय तेवढंच वाजवून घेतो, पदरचं काही घालत नाही. जुने संचालक प्रत्येक सिंफनीत स्वतःचं चरित्र वाजवायचे."

"चरित्र तरी होतं," केमिस्ट म्हणाले. "हा नुसता पंचनामा वाचतो. संथ भाग ऐकलात ना? जुन्यांच्या वेळी माझी बायको त्या भागात हमखास रडायची. काल तिनं पर्समधून रुमाल काढेपर्यंत भाग संपला होता."

"पण पहिला भाग त्यानं पुन्हा सुरुवातीपासून घेतला की नाही? तसं लिहिलंच आहे. जुने ते गाळायचे."

"गाळायचे म्हणून बस मिळायची."

"तुम्ही बससाठी सिंफनी ऐकता?"

"आणि तुम्ही निकालपत्रासाठी. मी सांगतो, माणसाच्या आत काही असेल तर हात आपोआप वर जातात. याचे जात नाहीत. काय मास्तर?"

मास्तरांच्या हातून टेप खाली पडली.

हंगाम पुढे सरकला तसा वाद वाढत गेला. न्यायाधीशांच्या बाजूचे लोक म्हणू लागले, इतकं स्वच्छ कधी ऐकू आलं नव्हतं, मागची बासरीसुद्धा कळते. केमिस्टच्या बाजूचे म्हणू लागले, स्वच्छ तर दवाखानाही असतो. मग वर्तमानपत्राच्या समीक्षकानं 'कोपराखालचं संगीत' असा लेख लिहिला आणि नव्या संचालकांच्या आवरलेल्या हाताचं नातं त्यांच्या बालपणाशी, थंड हवेशी आणि एकूण मानवजातीच्या थकव्याशी जोडून दाखवलं. मास्तरांनी लेख उभ्या उभ्या वाचला. बालपण वगैरे ठीक होतं. त्यांना त्यात फक्त मुंढा दिसला.

"सांगून टाका ना सरळ," बायको म्हणाली.

"काय सांगू? साहेब, तुमची शैली माझ्या कात्रीतून निघाली?"

"निदान माझ्या भावाला तरी विचारा. तो रोज त्यांच्यासमोर बसतो."

"त्याला? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. अख्ख्या वाद्यवृंदाला कळेल, मग बाकाला, मग पेपरला. उद्या त्या माणसाला घालवलं तर ते माझ्यामुळे, आणि ठेवलं तरी माझ्यामुळेच. खोकी बांधलेलीच आहेत त्यांच्या घरी."

"मग काय करणार?"

मास्तर कपाटाकडे वळले. खोल कापलेला मुंढा परत उंच करता येत नाही. कापड गेलं ते गेलं. त्यांनी त्याच ठाणातलं उरलेलं कापड काढलं आणि हंगामातल्या शेवटच्या कार्यक्रमासाठी अख्खा कोट नव्यानं शिवायला घेतला. बाकीची कामं मागे पडली. एका नवरदेवाला त्यांनी चुलत भावाचा कोट घालायचा सल्ला दिला. या वेळी मुंढा असा बसला की मास्तरांनी स्वतः कोट घालून आरशासमोर दोन्ही हात आढ्याकडे नेले आणि कॉलर तसूभरही हलली नाही. "पहिल्याचं अस्तर जरा ओढतंय," असं खोटंच सांगून त्यांनी नवा कोट संचालकांच्या घरी पोचवला.

शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. केमिस्ट पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. तीच सिंफनी पुन्हा ठेवली होती, म्हणजे समितीला तुलना करता यावी. संचालक आले. मास्तर खुर्चीच्या कडेवर सरकले.

हात छातीपाशी सुरू झाले.

पहिला भाग गेला, संथ भाग गेला, शेवटच्या भागात नगारे वाजू लागले, तुताऱ्या उठल्या. हात छातीपाशी. मास्तरांना वाटलं, सवय झाली. हंगामभर अडवून अडवून मी या माणसाचा हात कायमचा खाली आणला. ते टाळ्यांसाठी थांबले नाहीत. बायकोला जागेवर सोडून थेट मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

टाळ्या आटोपून संचालक आत आले आणि खुर्चीत बसून पाणी पिऊ लागले. त्यांची बायको कोट हँगरला लावत होती.

"साहेब, चूक माझी आहे," मास्तर दारातूनच म्हणाले.

"कसली चूक?"

"पहिल्या कोटाचा मुंढा मी खोल कापला. तुमचा हात अडला. लोक शैली म्हणतात, ती शैली नाही, शिवण आहे. समितीला मी स्वतः सांगतो."

संचालकांनी बायकोकडे बघितलं. ती खो खो हसत सुटली.

"यांचा हात? अहो मास्तर, घरी माळ्यावरची पेटी काढायलासुद्धा हे हात वर करत नाहीत. मलाच स्टुलावर चढावं लागतं. लग्नाआधीपासून असंच."

"हात वर नेला की सगळे माझ्या हाताकडे बघतात," संचालक शांतपणे म्हणाले. "खाली ठेवला की एकमेकांचं ऐकतात. एवढंच आहे त्यात."

"पण पहिल्या दिवशी एकदा वर गेला होता. शेवटच्या भागात. कॉलर अडली आणि—"

संचालकांनी जरा आठवून बघितलं.

"माशी होती," ते म्हणाले.

तेवढ्यात व्हायोलाची पेटी घेऊन मेव्हणा आला, आणि काय चाललंय ते कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"भाऊजी, तालमीला हे ढगळ स्वेटर घालून येतात. त्यातही हात इथेच असतो. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? हंगामभर मला टाळताय. मला वाटलं, माझ्या वाजवण्यात काहीतरी खोट दिसली तुम्हाला. मी दुप्पट रियाज केला."

"एक मात्र आहे, मास्तर," संचालक म्हणाले. "राग मानू नका. आपला हा नवा कोट बगलेत जरा आवळतो. पहिलाच फार सुखाचा होता."

शिंपी म्हणून मास्तरांना यावर बरंच काही बोलता आलं असतं. त्यांनी नवा कोट हँगरवरून काढला, घडी करून काखेत घेतला आणि "तोच वापरा, साहेब, तोच चांगला आहे," म्हणून बाहेर पडले. सभागृहाच्या पायऱ्यांवर बायको वाट बघत होती.

"काय झालं?"

"माझा काही संबंध नव्हता," मास्तर म्हणाले, आणि सभ्य माणसाला न शोभेल इतक्या मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी समितीनं संचालकांना ठेवून घेतलं. केमिस्टनी विरोध नोंदवला आणि मत मात्र बाजूनं दिलं. बाकावर येऊन म्हणाले, हा गेला तर नवा कोण येईल सांगता येत नाही, याच्यावर निदान माझा अभ्यास झालाय.

नव्या हंगामातला पहिला कार्यक्रम मास्तरांनी डोळे मिटून ऐकला. इतकी वर्षं ते तिथे पाठी बघायला जात होते. आवाजही असतो हे त्यांच्या ध्यानात या वेळी आलं. सकाळी बाकावर वाद रंगला असताना ते कापडावरून मान न उचलता म्हणाले, "संथ भाग जरा घाईत गेला. नाही?"

केमिस्टनी मांडीवर थाप मारली. न्यायाधीशांचा चेहरा पडला.

"मास्तर, तुम्हीसुद्धा? याला आधार काय?"

"आधार कसला? मला तसं वाटलं."

मग न्यायाधीशांनी त्यांना बराच वेळ समजावलं, हवेत बोट फिरवून ठेका धरून दाखवला, मध्येच केमिस्टवर खेकसले. मास्तर "असेल, असेल" म्हणत कापत राहिले, आणि मत काही त्यांनी बदललं नाही.